जोडीनं वाघ बघायला

कोल्हापूर
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय निशिगंधा,

तू माझा नंबर ब्लॉक केलायस. मामांना, म्हणजे तुझ्या वडिलांना, फोन लावला की ते एकच सांगतात, "पोरगी शाळेत शिकवायला गेलीया." काल रविवारीसुद्धा तेच म्हणाले. म्हणून आज पोस्टात जाऊन पाकिटं आणली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, किती देऊ? म्हटलं, दहा द्या. आठ वर्षांच्या संसारात मी तुला एक ओळ लिहिली नव्हती. आता बायको जयसिंगपुरात बापाकडं जाऊन बसल्यावर अक्षर सुधारायची वेळ आलीय.

कामाचं लिहितो. सप्टेंबरात आपण घटस्फोटाच्या अर्जावर सह्या केल्या, त्या मी मामांसमोर लाज वाटली म्हणून केल्या, मनातनं नव्हे. जजनी सहा महिने दिलेत. परवा कोर्टातल्या समुपदेशक बाई काय म्हणाल्या ते तू ऐकलंसच. एक दिवस दोघांनी चांगला घालवा, मग ठरवा. त्यांनी तुला विचारलं, यांच्याबरोबर कुठं जावंसं वाटायचं? तू खिडकीकडं बघत म्हणालीस, "मला एकदा वाघ बघायचा होता. दर वेळी कसलं तरी इंजेक्शन चालू असायचं." त्या बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली. शेकडो जोडपी मी गोव्याला नेली, महाबळेश्वरला नेली. राजारामपुरीत विजयसिंह टूर्स विचारलं तर कुणीही ऑफिस दाखवेल. आणि स्वतःची बायको कधी सहलीच्या गाडीत बसवली नाही. मान्य. घे, लिहून दिलं.

तर ८ डिसेंबर, रविवार. बेळगावच्या अलीकडं, यमकनमर्डीच्या पुढं भुतरामहट्टीचं प्राणिसंग्रहालय आहे. सकाळी साडेसातला ऑफिसपासून निघायचं. निपाणीत नाष्टा. दहाला गेट. पहिल्यांदा वाघ, कारण ऊन चढलं की तो झाडाखाली पडून राहतो आणि बायका नवऱ्यांना म्हणतात, हे झोपलेलं बघायला एवढ्या लांब आणलं व्हय? मग सिंह, अस्वल. हरणांसमोर फोटो. हरणं मागं असली की फोटोत कुणाच्या सुटलेल्या पोटाकडं लक्ष जात नाही. दुपारी झाडाखाली डबे. जेवणानंतर खेळ. चिठ्ठी उचलायची, नवऱ्यानं बायकोबद्दल सांगायचं, बायकोनं नवऱ्याबद्दल, बरोबर आलं की गुण. जिंकणाऱ्या जोडीला चपलांचा जोड. साडेचारला परत.

दोघंच गेलो तर तुला अवघड वाटेल, म्हणून माझा धाकटा भाऊ राजवीर आणि त्याची क्रांती येतील, आणि शेजारचे जयपाल आणि सुरेखावहिनी. वहिनींचा डबा वेगळा, कांदा-बटाट्याशिवाय, ते माझ्या लक्षात आहे. खरं सांगायचं तर थोडा धंद्याचाही विचार आहे. नव्या लग्नाच्या पोरापोरींना आता महाबळेश्वरचा कंटाळा आलाय. 'जोडीनं वाघ बघा' म्हणून एका दिवसाची सहल काढली तर चालेल. ही पहिली फेरी समज.

त्या कागदाचं माझ्या डोक्यात आहे. पण आल्या आल्या तो विषय नको. एक दिवस हसत घालवू, मग बोलू.

नुसतं कार्ड टाकलंस तरी चालेल.

तुझा
विजयसिंह

कोल्हापूर
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय निशिगंधा,

तुझं कार्ड मिळालं. उघडं कार्ड. पोस्टमननं वाचलेलं असणार, देताना तो माझ्या तोंडाकडं बघत नव्हता. ऑफिसच्या पत्त्यावर टाकलंस हे बरं केलंस, घरी आलं असतं तर आमच्या आईच्या, आक्काच्या हातात पडलं असतं. आठ वर्षं तू मला 'तुम्ही' म्हणत होतीस. कार्डावर 'तू' आहे.

"येते. बारशाला जे होते ते सगळे पाहिजेत. मूल का झालं नाही, ते तू त्यांच्यासमोर सांगायचंस. निघायच्या आधी."

बारसं मी विसरलेलो नाही. फेब्रुवारीत राजवीरच्या बाळाला पाळण्यात घालताना तू हात पुढं केलेस आणि क्रांतीनं बाळ मागं घेतलं. "राहू दे ताई. तुम्ही नको." सुरेखावहिनींनी पाळणा म्हणायला सुरुवात करून वेळ मारून नेली. जयपाल खाली मान घालून घुगऱ्या खात राहिला. त्या घुगऱ्या मी वाटत होतो. नंतर मी तुला म्हणालो, हातात पातेलं होतं, काय बोलणार? तू म्हणालीस, पातेल्याचा तोंडाशी काय संबंध? आणि तेव्हा तर तुला खरं काय ते माहीतसुद्धा नव्हतं.

एक विनंती आहे. सगळ्यांसमोर एकदम नको. मी राजवीरला वेगळा गाठतो, जयपालला वेगळा. ते आपापल्या बायकांना सांगतील. चार दिवसांत सगळ्यांना कळलेलं असेल आणि रविवारी आपण मोकळ्या मनानं वाघ बघू. धंद्यात मी बघितलंय, एका जोडप्याचं बिनसलं की अख्खी गाडी गप्प होते, पैसे देऊन आलेल्या माणसांचा दिवस वाया जातो.

आणि आक्का येणार नाही. तिचे गुडघे धरलेत. तिला मी घरी सांगेन, सवडीनं. तिला बीपी आहे, तुला माहीतच आहे.

बघ, पटतंय का.

तुझा
विजयसिंह

कोल्हापूर
२९ नोव्हेंबर २०२४

प्रिय निशिगंधा,

दुसरं कार्ड. एकच ओळ. "आणि माझ्या ऑपरेशनचं कसं सांगणार आहेस, वेगळं गाठून?"

तीन दिवस ते कार्ड ड्रॉवरमध्ये होतं. आज ऑफिस बंद करून बसलोय. सांगायचंच आहे तर तुला आधी लिहून बघतो. तू कागद बघितलेस, पण ते कसे झाले हे तुला कुणी सांगितलेलं नाही.

लग्नाला दोन वर्षं होत आली होती. डॉक्टर म्हणाले, दोघांचंही तपासू. रिपोर्ट आणायला मी एकटा गेलो. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होता. त्यानं कागद माझ्याकडं फिरवला आणि आकड्यावर पेन ठेवलं. शून्य. म्हणाला, परत एकदा तपासू, पण आशा कमी वाटते. बाहेर येऊन गाडीत बसलो तर तुझा फोन. "काय म्हणाले?" मी म्हणालो, "माझं नॉर्मल हाय." विचार करून म्हणालो असतो तर गोष्ट वेगळी. तोंडातनं आधी आलं. मग ते खरं करत बसावं लागलं.

वर्षभरानं आपण दुसऱ्या गावी मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या बाईंनी माझा रिपोर्ट मागितला. मी म्हटलं, घरी आहे, पाठवतो. ऑफिसात आलो, स्कॅन केला. लोकांच्या तिकिटांची, आधार कार्डांची कामं करून हात बसलेला आहे माझा. शून्य खोडलं आणि बासष्ट लिहिलं. बासष्टच का, माहीत नाही. प्रिंट काढली. अक्षर कुठं जाडबारीक झालं नाही हे बघून मला बरं वाटलं होतं, हेही लिहितो.

त्या बासष्टवर विश्वास ठेवून त्या बाई म्हणाल्या, मग दोष मिसेसमध्ये असणार, दुर्बिणीनं बघावं लागेल. तुझ्या पोटाला तीन ठिकाणी भोकं पाडली. आत नेताना तू माझा हात मागितलास. मी फोनवर होतो, गोव्याचं बुकिंग होतं. नंतर तू मला म्हणायचीस, हसताना ओढ बसते. मी म्हणायचो, कमी हस.

नृसिंहवाडीला अनवाणी गेलीस. सोमवार धरलेस. आक्का तुझ्या ताटात काय वाढायचं नाही ते ठरवत गेली. प्रत्येक वेळी मी ठरवायचो, हा सीझन संपला की सांगू. मग पुढचा सीझन. मी घरातला थोरला. माझ्या नावावर माणसं बायकापोरांना गाडीत बसवतात. एकदा नाव गेलं की काय राहतं? असं मला वाटायचं. तुझं नाव गेलेलं होतं, ते मला दिसायचं, पण ते गेलेलं चालत होतं.

ऑगस्टमध्ये गाडीच्या विम्याचे कागद शोधताना तुला एकाच फाइलीत दोन रिपोर्ट सापडले. तारीख एक, नंबर एक, एकावर शून्य, एकावर बासष्ट. तू ओरडली नाहीस. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेस आणि आत जाऊन बॅग भरलीस. मी म्हणालो, "ऐकून तरी घे." तू म्हणालीस, "सांगा." मी विम्याचे कागद फाइलीत परत लावत बसलो.

रविवारी सगळ्यांसमोर सांगतो. ऑपरेशनसकट. शब्द देतो.

तुझा
विजयसिंह

कोल्हापूर
९ डिसेंबर २०२४

निशिगंधा,

काल साडेचारपर्यंत तू होतीस. तरी सगळं लिहितो, कारण माझ्या मनात काय चाललं होतं ते तुला माहीत नाही, आणि साडेचारनंतरचं तर तुला काहीच माहीत नाही.

सकाळी एसटीनं आलीस. माझ्या शेजारची जागा मी रुमाल टाकून ठेवली होती. तू सुरेखावहिनींशेजारी बसलीस. आपला ड्रायव्हर सयाजी आरशातनं बघत होता. वीस वर्षं गाडी चालवतोय, कोण कुणाशेजारी बसत नाही हे त्याला पहिल्यांदा कळतं. मी माइक घेऊन जोक सांगितले. तुला आठवत असेल, एकटा जयपाल हसत होता.

वाघ जागा होता. कुंपणाकडेनं येत होता, वळत होता, परत जात होता. तू जाळीपाशी उभी राहिलीस ती पंधरा मिनिटं हलली नाहीस. क्रांती म्हणाली, "चला की ताई, सिंह ऱ्हायलाय." तुला ऐकू गेलं नाही. मी मागं उभा होतो. वाटलं, आत्ता सांगावं. मग वाटलं, हिला एवढं आवडतंय, कशाला मोडता घाला? मी हे तुझ्यासाठीच करतोय असं मला अगदी मनापासून वाटलं. माझं दर वेळी असंच होतं.

सिंहासमोर गर्दी होती. अस्वलासमोर जयपाल त्याच्या साडूचे किस्से सांगत होता. हरणांसमोर फोटो काढताना मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तू एक पाऊल पुढं सरलीस. फोटो आलाय. माझा हात हवेत आहे.

मग जेवणानंतरचा खेळ. चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या, मागं पन्नास सहलींत लिहिल्या तशाच. तुझी चिठ्ठी सुरेखावहिनींनी वाचली. "लग्नानंतर नवऱ्यानं तुमच्यासाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती?"

तू म्हणालीस, "दवाखान्यात नेलं. सात वेळा."

तू माझ्याकडं बघत होतीस. रागानं नव्हे. थांबली होतीस. तेवढ्यात क्रांती म्हणाली, "जाऊ दे ताई. देवाच्या मनातच न्हाय त्याला दादा तरी काय करणार?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी उठलो, टाळी वाजवली आणि म्हणालो, "चला चला, पक्षी ऱ्हायलेत बघायचे."

निशिगंधा, मी पक्षी म्हणालो.

साडेचारला गेटपाशी मी माणसं मोजत होतो. तू गाडीत चढली नाहीस. "मी फाट्यावरनं एसटी धरते." मी हळूच म्हणालो, "गाडीत सांगतो. तू बस, मी सांगतो." तू म्हणालीस, "निघायच्या आधी असं लिहिलं होतं." आणि चालायला लागलीस. बाकीच्यांना मी सांगितलं, तिला बेळगावात मैत्रिणीकडं जायचंय. बघ, हे किती पटकन सुचलं.

आता पुढचं.

संकेश्वर मागं पडलं तेव्हा क्रांती मागच्या सीटवरनं बोलली. बाळाला तिनं तिच्या आईकडं ठेवलं होतं, दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. "दादा, राग मानू नका. पण ताईंना एवढा ताठा बरा न्हाय. तुमच्यासारखा माणूस म्हणून सांभाळून घेतलं. दुसऱ्या कुणी कवाच दुसरी आणली असती."

मी समोरच्या काचेकडं बघत म्हणालो, "दोष माझ्यात हाय. तिच्यात कधीच नव्हता. मला पहिल्यापासनं ठाऊक हाय."

मग सगळं सांगितलं. शून्य, बासष्ट, तुझं ऑपरेशन. अडखळलो नाही. इतकं सोपं गेलं की मलाच नवल वाटलं, आणि मग कळलं का सोपं गेलं ते. तू नव्हतीस. तू समोर असतीस तर मी कोल्हापूर येईपर्यंत पक्ष्यांबद्दल बोललो असतो.

जयपाल म्हणाला, "काय बोलतोस राव." सुरेखावहिनी म्हणाल्या, "भावजी, वाडीला ती अनवाणी जायची तेव्हा मी सोबत असायची की हो. तुम्हीच आम्हाला गाडीनं अलीकडच्या फाट्यापर्यंत सोडायला यायचा. सोडून परत न्यायला यायचा." त्यापुढं त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आजही दारात दिसल्या, आत गेल्या.

राजवीर खिडकीबाहेर बघत होता. क्रांतीनं त्याला विचारलं, "तुम्हाला कसं काय वाटलं न्हाय?"

तो म्हणाला, "मला म्हायती होतं."

"कसं म्हायती?"

"आक्कानं सांगितलेलं. लग्न ठरायच्या आधी मला गुपचूप नेऊन तपासून आणलं. म्हणाली, थोरल्याचं असं झालंय, तुझं बघून घेऊ."

मग क्रांती म्हणाली, आणि तिचा आवाज तुला ठाऊक आहे, पण हा तो आवाज नव्हता. "बारशाला माझ्या कानात येऊन कोण म्हणालं, थोरलीच्या हातात पोर देऊ नको? आक्काच. तिला म्हायती होतं. तुम्हाला म्हायती होतं. आनि मी त्या बाईच्या हातातनं पोर काढून घेतलं. मला तुम्ही माणसात ठेवलं न्हाय. थांबवा गाडी."

तवंदी घाटात सयाजीनं गाडी कडेला घेतली. क्रांती उतरली, कठड्यावर बसली आणि तोंडात पदर धरून रडली. सुरेखावहिनी तिच्याजवळ जाऊन बसल्या. आम्ही तिघं भाऊबंद-शेजारी गाडीतच. सयाजी उतरून टायर बघत फिरत राहिला. टायरला काही झालेलं नव्हतं.

घरी आल्यावर मी आक्काला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला केलं नाही.

"दवाखान्यातनं घरच्या फोनवर फोन आलता. परत तपासायला या म्हणत होते. मीच उचलला."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुणाला बोलू? तुला ठाऊकच होतं. तिला सांगून काय झालं असतं? उठून माहेरी गेली असती. तिला लोकं चार दिवस बोलली असती, सोडून दिली असती. तुला जन्मभर हसली असती. आनि काय झालं तरी ती परक्याची पोर." मग म्हणाली, "हातपाय धू. वाढते."

तुझ्या ताटातली केळी काढून ठेवणारी, तुला सोमवार सांगणारी ती. एका घरात दोघांना माहीत होतं. मी तिच्यापासनं लपवत होतो, ती माझ्यापासनं. आणि उपास तू करत होतीस.

मी जेवलो. तेही लिहितो. भूक लागली होती.

विजयसिंह

कोल्हापूर
२१ मार्च २०२५

निशिगंधा,

डिसेंबरनंतर दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. काल कोर्टात भेट झाली तेवढीच.

आपल्या अर्जात कारण म्हणून 'स्वभाव जुळत नाहीत' असं आहे. मी वकिलाला म्हटलं होतं, खरं कारण लिहा. तो म्हणाला, साहेब, कशाला, दोघांची संमती आहे, दोन मिनिटांत मोकळे व्हाल. मी फार ताणलं नाही. जजसाहेबांनी विचारलं, विचार पक्का आहे का? तू हो म्हणालीस. मीही हो म्हणालो.

बाहेर बाकाजवळ मी मामांच्या पाया पडायला वाकलो. ते दोन पावलं मागं सरकले आणि बाकावर बसून चष्मा पुसू लागले. म्हणून तुझ्याकडं वळलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. पण तोंडातनं आलं ते हे, "मी सांगितलं त्यांना. सगळं. बासष्टचं पण."

"माहीत आहे," तू म्हणालीस. "क्रांती आली होती घरी."

क्रांती तुझ्याकडं गेली होती हे राजवीरलासुद्धा माहीत नव्हतं. मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, बाळाला तिनं तुझ्या मांडीवर ठेवलं आणि तुझे पाय धरले. तू पाय काढून घेतलेस. बाळाला थोडा वेळ घेतलंस, मग म्हणालीस, "याला भूक लागलीय," आणि परत दिलंस. क्रांती रडली. तू रडली नाहीस. तिला चहा करून दिलास.

मला वाटलं होतं, क्रांतीनं सांगितलंय म्हणजे तुझा राग थोडा तरी उतरला असेल. मी म्हणालो, "मग?"

"मी नसताना सांगितलंस."

"पण सांगितलं तर खरं की."

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलंस. "त्यांना कळावं एवढंच असतं तर मी दोन्ही कागदांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले असते. तू बोलताना मला ऐकायचं होतं. आणि तू बोलत असताना मला त्यांची तोंडं बघायची होती. सहा वर्षं त्यांनी माझं बघितलं."

मी म्हणालो, "चल, आत्ता जाऊ. परत सगळ्यांना गोळा करतो."

तू हसलीस. निशिगंधा, तू खरंच हसलीस, आणि हसताना हात पोटाकडं गेला. मग म्हणालीस, "सहल काढतोस काय परत?" आणि मामांना उठवलंस. जिन्यात वळून एवढंच म्हणालीस, "पत्रं बंद कर."

शाहूवाडीकडच्या शाळेत बदली मागितलीस असं कळलं. तिकडं पावसाळ्यात रस्ते बंद पडतात. पण हे सांगणारा मी कोण?

विजयसिंह

कोल्हापूर
४ मे २०२५

निशिगंधा,

पत्रं बंद कर म्हणालीस. हे एक टाकतोय. उत्तर नको, वाचलं नाहीस तरी माझं काही म्हणणं नाही.

आज सकाळी आक्कानं पावणं बोलावले होते. मला काल सांगितलं. गगनबावड्याकडचे, मुलीचे चुलते आणि आत्या. मुलगी आली नव्हती. तिचं पहिलं लग्न मोडलंय, वय एकतीस. आक्कानं क्रांतीला पोहे करायला सांगितले. क्रांती म्हणाली, "तुमचे पावणं, तुम्हीच करा," आणि बाळाला घेऊन वर गेली. डिसेंबरपासनं ती आक्काशी कामापुरतीच बोलते. आक्कानं दुखत्या गुडघ्यानं पोहे केले.

पोहे झाले, चहा आला. चुलत्यांनी मिशीवरचा चहा पुसला आणि विचारलं, "पहिलीचं काय झालं म्हणायचं?"

आक्का म्हणाली, "मूल होत नव्हतं तिला."

मी म्हणालो, "खोटं हाय."

आक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. चुलत्यांनी बघितलं. मी म्हणालो, "पावणं, होत नव्हतं ते माझ्यामुळं. डॉक्टरचा कागद हाय. मी तो लपवला, खोटा केला आणि बायकोवर ढकललं. तिचं नाहक ऑपरेशन झालं. म्हणून ती गेली."

आत्याबाईंनी पदर ओढून घेतला. मला वाटलं, आता उठतील. चुलते उठले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली, आक्काकडं बघितलं आणि हसले. "असं कुणी तोंडानं सांगतंय व्हय, पावणं? साधं माणूस दिसताय तुम्ही. आमची पोरगी एकतीसची, एकदा परत आलेली. आमचं काय म्हणणं न्हाय. घर बरं हाय, धंदा बरा हाय. पोरीला सांगायचं काय कारण न्हाय. पुढं कुणी विचारलंच तर दवाखानं हायत की."

आक्काचा जीव भांड्यात पडला. ते मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

आणि निशिगंधा, मलाही क्षणभर बरं वाटलं. तुला खोटं लिहीत नाही. मी सगळं सांगून टाकलं होतं, तरी कुणी उठून गेलं नव्हतं. बायको मिळत होती, घर चाललं असतं. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला येतं.

मी विचारलं, "पोरीचं नाव काय?"

चुलते म्हणाले, "त्याची आत्ता काय घाई?"

"तिला बोलवून घ्या. मी तिच्यासमोर सांगतो. तुम्ही पण बसा, आक्का पण बसू दे. न्हायतर मी तिकडं येतो, तिचा पत्ता विचारून."

चुलत्यांचं हसू गेलं. ते उठले. आत्याबाईंचा चहा अर्धा राहिला. "आक्का," ते दारातनं म्हणाले, "पोरगं तुमच्या हातात ऱ्हायलेलं न्हाय. आमच्या पोरीला काय तर लिहिलं-बिहिलं तर बघा." फाटक आपटून गेले.

आक्का तिथंच बसून होती. म्हणाली, "आता मी मेल्यावर तुला पाणी कोण देणार?" मी कप गोळा केले. वर क्रांतीच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला, पण ती खाली आली नाही.

गल्लीच्या तोंडाशी पावण्यांची गाडी वळली तेव्हा माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं गेलं. मी तोंड उघडल्यापासून सगळ्याला मिळून चार मिनिटं लागली होती.

विजयसिंह